उपाशी गेलेली सिन्योरा

मंदाबाईला स्पॅनिश येतं असं कुणी सांगितलं, की जुन्या धुळ्यातले लोक आधी तिच्या तोंडाकडे बघत, मग तिच्या झिजलेल्या चपलांकडे बघत, आणि म्हणत, "बोलून दाखव." मंदाबाई बोलून दाखवी. ती बोलू लागली की ऐकणारा दोन पावलं मागे सरके. कारण मंदाबाईचं स्पॅनिश होतं ते रागावलेलं स्पॅनिश. ते ती शिकली एका मिशनच्या दवाखान्यात, सिस्टर कोन्सुएलोच्या हाताखाली. आणि सिस्टरनी आयुष्यात एक वाक्य शांतपणे उच्चारलं असेल तर शपथ! "मानोस!" म्हणजे हात धू. "आग्वा!" म्हणजे पाणी आण, आणि अजून कसं आणलं नाहीस? सिस्टरना मराठी येईना, मग आया म्हणून लागलेल्या मंदाबाईलाच स्पॅनिश यावं लागलं. मधल्या काळात ती मॅट्रिक झाली, इंग्रजीही शिकली. पुढे सिस्टर मायदेशी गेल्या, दवाखाना बंद पडला, आणि मंदाबाई दोन परक्या भाषा घेऊन धुळ्याला आईच्या घरी परत आली. लग्नाचं वय तोवर निघून गेलं होतं.

एकोणनव्वद सालची ही गोष्ट. धुळ्यातल्या एका मंडळाला स्पेनमधली संस्था शिरपूरकडच्या डोंगरात बंधारा बांधायला मदत देत होती. संस्थेचे कागद यायचे स्पॅनिशमध्ये. संस्थेच्याच मुंबईच्या कचेरीला ते हवे असायचे इंग्रजीत. मंडळाचे चिटणीस पितांबर सर. त्यांचं बोलणं नेहमी सभेत उभं राहिल्यासारखं. "मंदाबाई, आपण या मंडळाच्या, म्हणजे असं पाहा, की जिव्हा आहात." मंदाबाईने होकार दिला. जीभ व्हायला हरकत काय?

पण जिभेला पहिल्याच महिन्यात चटका बसला. कागदात शब्द होता 'आकोंपान्यामिएंतो'. मंदाबाईने शब्दाला शब्द लावून इंग्रजीत 'अकंपनिमेंट' लिहिलं. पितांबर सरांनी ते वाचलं आणि ते चमकले. "साथसंगत? डोंगरात तबला-पेटी पाठवायचीय का त्यांना?" तरी कागद मुंबईला गेला, आणि आला तो असा लालेलाल होऊन, की मंदाबाईला वाटलं कुणी पान खाऊन थुंकलंय. खाली तिथल्या मॅडमनी लिहिलं होतं: हे इंग्रजी कोणत्या देशात बोलतात?

त्या दिवशी मंदाबाई घरी आली ती थेट चुलीपाशी बसली. तिची आई तानुबाई भाकरी थापत होती.

"आई, समज, एक माणूस गावमा येस. काही शिकाडस नही, काही देस नही. नुसता संगे ऱ्हास. त्याले काय म्हनशी?"

"जावाई," तानुबाई म्हणाली.

मंदाबाई हसता हसता चुलीत कलंडायची राहिली. "तसं नही वं! चांगला माणूस. अडीनडीले संगे ऱ्हास."

"मंग तसं सांग ना. संगे ऱ्हायना म्हन. त्याले आखो येगयं नाव कसाले?"

आणि मंदाबाईला वाट सापडली. स्पॅनिशमधून इंग्रजीत सरळ उडी मारायची नाही. आधी ते आईला सांगायचं. आईला समजेल अशा अहिराणीत उतरलं, की तिथून इंग्रजी आपोआप सरळ येतं. 'कोन्सिएंतिसासिओन' हा शब्द एवढा लांब, की पितांबर सरांना तो म्हणताना मध्ये पाणी लागायचं. तानुबाईने तो एका दमात मिटवला: "डोया उघडना म्हन." मंदाबाईने इंग्रजीत लिहिलं, 'लोक आपलं आपण पाहू लागले.' मुंबईहून लाल शाई येणं थांबलं.

एक शब्द मात्र तानुबाईच्या गळी उतरेना. 'बेनेफिसिआरिओस'. ज्यांना मदत मिळते ते.

"घेनारा," तानुबाई म्हणाली. "बरं, आनि त्यास्नी काय दिधं?"

"काही नही. म्हनून तर ते घेनारा."

तानुबाईची भाकरी तव्यावर करपली. "नुसता घेनारा? असा माणूस मी तं नही दखा वं बाई." मग एकदम वर बोट करून म्हणाली, "त्यास्नं ऱ्हाऊ दे. तू आपला धाबानं दख. पानी उनं ना, तं तुना कागद नि मी संगेच वाहत जासूत."

तानुबाईचं घर धाब्याचं. लाकडी सऱ्यांवर फळ्या, फळ्यांवर मातीचं सपाट छप्पर. पावसाआधी दरवर्षी वर नवी खारी माती टाकायची, पाणी शिंपडायचं, चोपण्याने चोपून घट्ट करायची. पण गल्लीत एकेकाचा स्लॅब पडत गेला, तसे धाब्याचं काम करणारे गडीही गेले. मागच्या पावसात तानुबाई घरात छत्री उघडून स्वयंपाक करत होती.

मे संपता संपता पितांबर सर धावत आले. "मंदाबाई! प्रत्यक्ष! स्पेनहून प्रत्यक्ष!"

प्रत्यक्ष आल्या त्या संस्थेच्या सिन्योरा, म्हणजे बाईसाहेब, पिलार. उंच, उन्हाने लालबुंद, आणि बोलायला इतक्या मऊ, की मंदाबाई हादरलीच. स्पॅनिश असं हळू बोलता येतं? तिने सवयीने उत्तर दिलं ते सिस्टर कोन्सुएलोच्या आवाजात. सिन्योरा दचकून सरळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपले हात मागेपुढे करून पाहिले, धुतलेत की नाही.

दुसऱ्या दिवशी झुलाल ड्रायव्हरने जीप डोंगरातल्या पाड्यावर नेली. वस्ती पावरा लोकांची. बंधाऱ्याची भिंत अर्ध्याच्या वर गेली होती, वरचे थर बाकी होते. पाऊस यायच्या आत ती पुरी झाली नाही, तर पहिल्या पुरात झालेलं कामही वाहून जाणार, हे तिथलं शेंबडं पोरही जाणत होतं. सगळा पाडा कामाला लागला होता. मजुरी कुणाला नाही. त्यांच्याकडे या रीतीला 'लाह' म्हणतात. कुणाचं घर उभारायचं असेल, शेत निंदायचं असेल, की सगळे जाऊन करून देतात. ज्याचं काम, तो जेवू घालतो. उद्या तुमच्या कामाला तो येतो.

मंदाबाईला ही रीत ठाऊक होती. संस्थेच्या कागदातले तीन ओळींचे शब्द तिने याच एका शब्दावरून सोप्या इंग्रजीत उतरवले होते. म्हणून सिन्योरांनी बाह्या सरसावून "मीही करू का काही?" असं विचारलं, तेव्हा मंदाबाई आनंदाने ओरडली, "बठ्ठास्नी ऐका! सिन्योरा लाहले उनी!"

पाड्याचा कारभारी वेस्ता डोक्यावरचा दगड धरूनच थांबला. "लाहले? खरंच?"

"खरंच!"

लोक हसले. बायांनी जागा केली. आणि सिन्योरांनी काय काम केलं म्हणता! पितांबर सरांना वाटलं होतं, एक घमेलं, एक फोटो, आणि सावली. पण ती बाई दुपारपर्यंत दगड वाहत राहिली. वेस्ताची बायको गुंताबाई तिच्या मागेच होती. "हाई तं बैल शे!" ती कौतुकाने म्हणाली. सिन्योरांनी भाषांतर मागितलं. मंदाबाईने दिलं नाही.

मग पळसाच्या पानांवर जेवण आलं. ज्वारीची भाकरी, उडदाची दाळ, वर तेलाची धार. गुंताबाईने पहिलं पान सिन्योरांपुढे ठेवलं.

सिन्योरांनी पान दोन्ही हातांनी उचललं आणि तितक्याच हळुवारपणे परत दिलं. मंदाबाईच्या कानात म्हणाल्या, "यांच्याकडे इतकं थोडं आहे. त्यातलं मी कशी खाऊ? मुलांना द्या." आणि पिशवीतून त्यांनी आपली बिस्किटं काढली.

मंदाबाईला वाटलं, हे आहे तसं सांगितलं तर गुंताबाईला लागेल. तिने गोड करून सांगितलं, "त्यास्ले भूक नही."

 हातातलं पान कुठे ठेवावं हे गुंताबाईला कळेना. ती ते घेऊन तशीच उभी राहिली. मंदाबाईला तेव्हाच काहीतरी खटकलं. पण झुलालने हॉर्न दिला.

चौथ्या सकाळी सिन्योरा मंडळाच्या कचेरीत बसून अहवाल लिहीत होत्या. मुंबईची गाडी त्यांना संध्याकाळी धरायची होती. तेवढ्यात बाहेर ट्रक थांबल्याचा आवाज आला. मंदाबाईने खिडकीतून पाहिलं आणि हातातला कप खाली ठेवला.

अंगण माणसांनी भरलं होतं. अख्खा पाडा! कुदळी, फावडी, घमेली, कमरेला कोयते. पुढे वेस्ता, शेजारी गुंताबाई.

"प्रोतेस्ता?" सिन्योरांचा रंग उडाला.

"मोर्चा!" पितांबर सरांनी आधी खिडकी लावली, मग केस नीट केले, मग खिडकी उघडली. मोर्चाला कसं सामोरं जावं हे त्यांना चांगलं माहीत होतं. हात जोडून ते पायरीवर आले. "बंधूंनो आणि भगिनींनो! आपल्या मागण्या रास्त आहेत! आपलं निवेदन मी, म्हणजे असं पाहा, की सहानुभूतीपूर्वक स्वीकारतो."

"निवेदन नही शे," वेस्ता म्हणाला. "काम द्या."

"रोजगार हमीचं कार्यालय पलीकडच्या रस्त्याला आहे."

"पैसा नको. फुकट करनं शे."

पितांबर सरांचे जोडलेले हात तसेच राहिले. एवढ्या वर्षांच्या समाजसेवेत त्यांच्याकडे सगळं मागून झालं होतं. फुकट काम करू द्या असं कुणी मागितलं नव्हतं. ते वळून मंदाबाईकडे बघू लागले, जणू हेही स्पॅनिशच आहे.

मंदाबाई पायरी उतरली. "वेस्ताभाऊ, काय व्हयनं?"

"तूच सांगं ना, ती लाहले उनी? बैलना मायक काम करं तिनी. आनि उपाशी गयी. आमना लाहवरतून उपाशी!" वेस्ताने हातातली कुदळ खाली टाकली. "पाहुनी म्हनून उनी असती, नही खाती, चालनं असतं. पन लाहले उनी. तिनं काम आमना डोकावर शे. ते उतरत नही तोवर भितवर दगड ठेवाना नही. तवयपासून काम बंद शे."

"बंद?" मंदाबाईने वर आभाळाकडे पाहिलं. "पानी कवय बी यी! भित वाहीसन जाई!"

"जाई तं जाई," गुंताबाई म्हणाली. "उपाशी माणसाना दगड जी भितमा शे, ती भित ऱ्हास का?"

मंदाबाई तिथेच पायरीवर बसली. सिन्योरा कामाला आल्या म्हणजे हात लावायला आल्या, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण पाड्यावर तो शब्द नुसता बोलायचा नव्हता. तो बोलला की माणूस बांधला जायचा. आणि वर 'भूक नाही' ही आपल्या पदरची साखर! आधी बांधलं, मग उपाशी सोडलं. दोन्ही हिनेच.

तिने सिन्योरांना सगळं सांगितलं. या वेळी साखर घातली नाही. सिन्योरा ऐकता ऐकता खुर्चीच्या कडेला आल्या. "पण मी तर त्यांचा विचार करून..."

"त्यांनी तुमचा केला होता!" मंदाबाईच्या तोंडून सिस्टर कोन्सुएलो गरजल्या. "आता बोला. तुमचं काय काम आहे? घर? शेत? काय बांधायचंय?"

सिन्योरा गांगरल्या. त्या शहरात भाड्याच्या खोलीत राहत होत्या.

मंदाबाईने अंगणात सांगितलं. अंगण हादरलं.

"घर नही?" गुंताबाई म्हणाली. "शेत नही? ढोर नही? एक कोंबडी बी नही?"

"नही."

"मंग बठ्ठा दिन करस काय?"

"लिहिते."

"व माय!" गुंताबाईने पदर तोंडाला लावला. एवढी बैलासारखी बाई, आणि जगात तिचं म्हणून एक काम नाही! मागच्या दोन बायांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या रडण्याचं कारण सिन्योरांनी विचारलं, आणि मंदाबाईने तेही जसंच्या तसं सांगितलं. सिन्योरांनी समोरचा अहवाल मिटला. मग म्हणाल्या, वडिलांच्या गावी उतारावर आमची झाडं आहेत. त्यांच्या बांधाची दगडी भिंत पडलीय. वडील गेले, गावात उचलायला माणूस नाही. मीही कधी गेले नाही.

वेस्ताचा चेहरा उजळला. "दखा, शे ना काम! कोठे शे?"

"समुद्राच्या पल्याड."

"पायी कितलं?"

"पायी जमणार नाही, भाऊ."

 शेवटी गुंताबाईनेच मंदाबाईकडे बोट केलं. "ती तुना तोंडघाई बोलस. तिले आननारी तू. मंग तू तिनी घरनी. तुनं काम सांग."

"माझं?" मंदाबाई म्हणाली. आणि एकदम तिला तव्यावर करपलेली भाकरी आणि वर रोखलेलं बोट आठवलं.

तानुबाई ओट्यावर डाळ निवडत होती. गल्लीच्या तोंडाशी कुदळ-फावडी घेतलेली ती गर्दी तिने पाहिली आणि सूप बाजूला ठेवून उभी राहिली. "कोन मरनं वं?"

"कोनी नही! आई, धाबं कराले उनात."

तानुबाईने माणसं पाहिली. पावरा लोक. आजवर तिच्या घरी डोंगरातलं माणूस मोळी विकायला यायचं ते ओट्याखाली थांबायचं, आणि तानुबाई वरून ओंजळीत पाणी ओतायची. आणि धाब्यावर जायची शिडी होती आतल्या खोलीत, चुलीच्या डाव्या हाताला.

वेस्ता पायरीशी थांबला. गुंताबाईने पाणीसुद्धा मागितलं नाही. मंदाबाई आईकडे बघू लागली. आईने नाही म्हटलं, तर डोंगरातली ती भिंत गेली.

तानुबाई धाब्याकडे बघे, माणसांकडे बघे. तेवढ्यात गर्दी सारत सिन्योरा पुढे आल्या आणि बुटांसकट सरळ चुलीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. लाह आपली, तर जेवू आपण घालायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

"पायतान!" तानुबाई अशी किंचाळली, की पलीकडच्या घरातलं मूल जागं झालं. "पायतान काढ! हात धू! पानी आन!"

सिन्योरांनी बूट काढले, हात धुतले, पाणी आणलं. एक शब्द भाषांतर करावा लागला नाही. मंदाबाई थक्क होऊन बघत राहिली. हुबेहूब सिस्टर कोन्सुएलो! आपण एवढ्या लांबच्या बाईची भाषा इतक्या लवकर कशी शिकलो, हे तिला आज कळलं.

"आनि तुम्ही काय उभा शेतस?" तानुबाई बाहेरच्यांवर ओरडली. "ओसरीनी कड धरीसन जा, शिडी आत शे. मना माठले धक्का लागना तं दखा!"

मग धाब्यावर जे सुरू झालं, ते बघायला गल्ली गोळा झाली. नदीकाठची खारी माती घमेल्या-घमेल्यांनी वर चढली. चोपण्यांचा धपाधपा आवाज, वर वेस्ताच्या लोकांचं गाणं, खाली पितांबर सर "सावकाश, बंधूंनो" म्हणत घमेलं पुढे देताहेत आणि धोतर मातीने माखून घेताहेत. तानुबाईने घरोघर पीठ पाठवून भाकऱ्या करून घेतल्या. वांग्यांची घोटलेली भाजी मोठ्या पातेल्यात रटरटत होती, आणि ती घोटत होत्या सिन्योरा. "जोरमा घोट! तिले कुरवाळू नको!"

पंगत ओसरीवर बसली. उरलेले आत, शिडीपाशी. सिन्योरांनी वाढलं. सगळे जेवले, पण उठेना कुणी. वेस्ता हात न धुता बसून होता. गुंताबाईने एक पान मांडलं, भाकरी वाढली, भाजी वाढली, ठेचा वाढला, आणि ते सिन्योरांपुढे सरकवलं.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. सिन्योरांनी पानाकडे पाहिलं. मग मांडी घालायचा प्रयत्न केला, जमेना, तशाच पाय लांब करून बसल्या आणि खाऊ लागल्या. ठेच्याने त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, नाक लाल झालं, पण घास थांबला नाही. शेवटचा तुकडा पुसून खाल्ला, तेव्हा गुंताबाई म्हणाली, "खादं."

"फिटनं," वेस्ता म्हणाला आणि हात धुवायला उठला. "सकायले भितवर दगड चढी."

मंदाबाईने भिंतीला डोकं टेकलं. सिन्योरांनी पाण्याचा तांब्या रिकामा केला आणि धापा टाकत विचारलं, "मंदा, अहवालात मी यांना काय म्हणू? ते 'बेनेफिसिआरिओस' आता कसं लिहू?"

मंदाबाईने सवयीने आईकडे पाहिलं. पण तानुबाई तिथे नव्हती. ती आत काहीतरी शोधत होती. बाहेर आली ती कमरेला पदर खोचून, पायात वहाणा आणि हातात घरचं जुनं घमेलं.

"कोठे चालनी वं?" मंदाबाई ओरडली.

"त्यास्नं फिटनं. आपलं?" तानुबाई म्हणाली. "मना धाबावर बठ्ठा पाडा चढना, नि मी घरमा बसू का? भित कोठे शे त्यास्नी?"

"आई! डोंगरमा शे! तुनं वय काय!"

"वय दखीसन लाह ऱ्हास का?" तानुबाई पायरी उतरली आणि ट्रकपाशी जाऊन वेस्ताला म्हणाली, "सरक रे भाऊ. आनि एक सांगी ठेवस. मी पोटभर खासू."

गुंताबाईने वरून हात दिला. सिन्योरांनी मंदाबाईकडे पाहिलं, हातातल्या घड्याळाकडे पाहिलं, आणि बूट शोधू लागल्या. मंदाबाई उघड्या तोंडाने ओसरीवर उभी होती, आणि ट्रकमधून तिची आई खणखणीत आवाजात ओरडत होती, "मंदे! तोंड मिट नि दार लाव! चाल लवकर!"